सर्वानुमते नाही

ग्रामपंचायतीत मी निवडून आले, कारण ती बाईची जागा होती. फॉर्म मालकांनी भरला, प्रचाराला तेच फिरले आणि बैठकीलाही तेच जायचे. मी घरी शिलाई मशीनवर. महिन्याकाठी पंचायतीचा शिपाई ठरावाचं रजिस्टर घेऊन यायचा, माझ्या नावापुढे बोट ठेवायचा आणि मी सही करायची. सहीच्या वरचं पान कोरं असायचं. मजकूर ग्रामसेवक भाऊसाहेब नंतर भरायचे. यात काही वावगं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, त्यामुळे घरबसल्या सही होते हे माझ्या सोयीचंच होतं.

मग बँक बुडाली. आमच्या गावातल्या कितीतरी बायकांची पुंजी तिच्यात होती, माझीही. ब्लाऊज शिवून साठवलेली. किती ते इथे लिहीत नाही. ते मला पाठ आहे. शाखेचं शटर खाली आलं तेव्हा आम्ही बायका दोन दिवस चौसाळ्याला तिच्यासमोरच्या रस्त्यावर उन्हात उभ्या होतो. बाहेर येऊन कोणी बोललंही नाही.

पुढे अधिवेशनात सरकारने सांगितलं की बँकेचा सगळा बोजा सरकार घेणार, ठेवीदारांचे पैसे परत मिळणार. गावात फटाके वाजले. त्या दुपारी मी मोबाईल मशीनला टेकवून विधानसभा बघत होते. शेजारी चाची बसली होती. चाची म्हणजे पंचायतीतली आणखी एक बाई सदस्य. तिच्या घरचा फळांचा गाडा आहे. तेवढ्यात विरोधी बाकावरचा एक आमदार उठला. म्हणाला, बोजा जरूर घ्या, पण कर्ज कोणी उचललं ते आधी सांगा. मोठ्या कर्जदारांची नावं या सभागृहात वाचा. त्यांचे कारखाने आणि बंगले तसेच राहणार, आणि भरणार कोण? काडीपेटीवरसुद्धा कर देणारी माणसं?

समोरून ओरडा झाला, "ठेवीदारांचं भलं बघवत नाही का तुम्हाला?"

"ठेवीदाराला पुढं उभं करून तुम्ही त्याच्या मागं कोणाला लपवताय?" तो म्हणाला.

"सच्ची बोल्या गे," चाची म्हणाली आणि ब्लाऊजची हुकं तपासायची राहून गेली.

शेवटी अध्यक्षांनी मत घेतलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. झालं. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. तेव्हा विरोधकांनी एवढ्या जोरात 'नाही' म्हटलं की मोबाईल खरखरला. होय म्हणणारे जास्त होते, विरोधक हरले. पण माझ्या डोक्यात दुसरंच राहिलं. तिथे 'नाही' कोणाचं आहे हेही विचारतात.

"आपल्या बैठकीत इचारतात का गं?" मी चाचीला म्हटलं.

"आपल्याकडं मंजूर म्हणायच्या आधी च्या येतो," ती म्हणाली. "च्या पिला की मंजूर."

आठ-दहा दिवसांनी शिपाई रजिस्टर घेऊन आला. या वेळी पान कोरं नव्हतं. मजकूर वरून आला होता, सगळ्या गावांना एकच. मी वाचायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंत, वाचताना ओठ हलतात आणि वेळ लागतो.

"वहिनी, वाचायचं नसतंय. निस्ती सही करायची असती," शिपाई म्हणाला.

मी वाचतच राहिले. बँकेचे कर्ज स्वीकारल्याबद्दल ही सभा सरकारचे अभिनंदन करते. कर्जदारांची नावे जाहीर करण्याची विरोधकांची मागणी ठेवीदारांच्या हिताची नाही, सबब ती फेटाळावी. त्याखाली लिहिलं होतं, सूचक, आणि पुढे माझं नाव. मी ठेवीदार, त्यातून बाई. माझं नाव त्यांना बरं सापडलं होतं. सर्वांत खाली, ठराव सर्वानुमते मंजूर.

मी रजिस्टर मिटून परत दिलं. "बैठकीला येऊन बोलते म्हणावं."

"बैठक झाली की."

"कधी?"

"ही काय. मी आलोय न्हाई का?"

संध्याकाळी मालक आले ते सरपंचांशी फोनवर बोलूनच.

"कावून केली न्हाईस सही?"

"सूचक म्हणून माझं नाव घातलंय. मी काय सुचवलं?"

"समद्या गावांत असंच चाललंय. आपल्या घरकुलाचा हप्ता त्यांच्या हातात हाय, कळतंय का? स्लॅब राहिलाय."

"पत्रे टाकून राहू."

"आन चारचौघांत बोलता येतंय का तुला?"

"न्हाई येत. नाव खोडायला बोलावं लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी चाचीला घेऊन मी पंचायतीत गेले. सरपंच, भाऊसाहेब आणि चार सदस्य बसले होते. सगळे पुरुष. बाकीच्या तिघी बायका नेहमीसारख्या घरी.

"या वहिनी! मालक न्हाई आले?"

"सदस्य मी हाय," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की सरपंचांनी पुन्हा विचारलं. तेव्हा चाचीच खोलीभर ओरडली, "वो बोल रई, सदस्य वो है!" सगळे हसले. मी रजिस्टर उघडून माझ्या नावावर बोट ठेवलं.

"हे खोडा."

"अहो, तुमचेच पैशे परत मिळायलेत," सरपंच म्हणाले. "त्याला इरोध?"

"पैशे घेईन मी. पण कर्ज कोणी घेतलं ते इचारू नका, असं मी सुचवलेलं न्हाई."

"मजकूर वरून आलाय."

"मग वरच्याचं नाव घाला सूचक म्हणून."

एक सदस्य म्हणाला, "विरोधकांची फूस हाय ही." मी म्हटलं, त्यांच्या राज्यात बी ह्याच बँकेनं कर्जं वाटली, त्यांच्या माणसांची नावं बी वाचा. मला पाणी हवं होतं, पण मागायची लाज वाटत होती.

भाऊसाहेब मऊपणाने म्हणाले, "ताई, सूचक दुसरा घालू. पण सर्वानुमते राहू द्या. एका शब्दानं काय होतंय?"

"सर्वानुमते म्हंजी?"

"सगळ्यांच्या मतानं."

"सगळ्यांत मी हाय का?"

"हाय की."

"माझं मत न्हाई."

मग सरपंच म्हणाले की सगळ्या गावांचे ठराव सर्वानुमते गेलेत, आपलाच एक वेगळा कसा पाठवायचा? मी म्हटलं, जसा झालाय तसा पाठवा.

"माझी बी सही काटा," चाची म्हणाली.

"चाची, काल तर केली तुमी."

"काल वाचून दाखवणारं कोण होतं?"

नवं पान काढावं लागलं. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर पाच हात वर झाले. भाऊसाहेब लिहायला लागले तेव्हा मी म्हटलं, नामंजूर कोण ते बी इचारा. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं आणि विचारलं. दोन हात. त्यांनी 'बहुमताने मंजूर' लिहिलं, खाली आम्हा दोघींची नावं, विरोधात. ते सगळं मी अक्षर अक्षर वाचून काढलं. तोवर सगळ्यांना थांबावं लागलं, चहा निवला. मग मी सही केली.

घरकुलाचा हप्ता अजून आलेला नाही. फाईलमध्ये कागद कमी आहेत म्हणतात. कोणता कागद ते सांगत नाहीत. डोक्यावर पत्रे आहेत. मालक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं, पुढची बैठक कधी हाय?

मंगळवारी आहे. विधानसभेत नावं अजून वाचलेली नाहीत. मी वहीत एक प्रश्न लिहून ठेवला आहे: आपल्या गावातून त्या बँकेचं मोठं कर्ज कोणी उचललं? त्याचं उत्तर बैठकीतल्याच एका खुर्चीवर बसतं, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मला ते रजिस्टरात लिहिलेलं हवं आहे.