मुरबाडचा कॉल : स्कॅन जात नाय

आमच्या सर्व्हिस फॉर्मवर खाली 'रिमार्क' नावाचा रकाना असायचा, जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात मावेल तेवढंच लिहायचं. 'पासवर्ड बदलला.' 'केबल निघाली होती.' 'चालू करून दिले.' बाकी जे काही घडलं ते सगळं डोक्यात घेऊन घरी यायचं. अशी सात-आठ वर्षं साठलेली आहेत. मित्र जमले आणि कुणी म्हटलं, "आज मुरबाडचं होऊ दे रे!" की मग मी काही आवरत नाही.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. मी सापगावचा, नोकरी शहापूरला एका डीलरकडे, तीही कंत्राटावर. झेरॉक्सची मोठी मशीनं तेव्हा नुकती स्कॅन करायला लागली होती. मशीनवर कागद ठेवायचा, बटण दाबायचं, की कागद वायरीतून जाऊन कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधल्या फोल्डरमध्ये बसायचा. म्हणजे बसायला हवा होता. तो वाटेत कुठे हरवायचा ते शोधणं हे माझं काम.

मुरबाडला एका शिक्षणसंस्थेचं ऑफिस होतं. जुनी दाखल्यांची रजिस्टरं तिथे स्कॅन होत होती आणि ते काम वंदनाकडे होतं. तिथला कॉल आला की मी आधी मोटरसायकलचा आरसा पुसायचो आणि मग त्यात तोंड बघायचो. आता लाजायचं कशाला? मला तिला लग्नाचं विचारायचं होतं. ते विचारायचं ठरवून मी तीन वर्षं मुरबाडला गेलो आणि दर वेळी फक्त स्कॅनर दुरुस्त करून आलो!

आमचे शेठ एकदा म्हणाले, "शहापूरची मशीनं चालतात, खर्डीची चालतात, मुरबाडचंच कसं रे सारखं बिघडतं?"

मी म्हटलं, "शेठ, तिकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं."

ते खोटं नव्हतं. माझं होतच होतं.

•

पहिला कॉल आठवतो. तक्रार अशी : स्कॅन सकाळी जातं, दुपारी जात नाही, अडीचला पुन्हा जातं. मी केबल बदलली, सेटिंग बदललं. तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी मुद्दाम दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसलो.

दीड वाजला. हेडक्लार्क धानके भाऊसाहेब डबा घेऊन उठले आणि ज्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टरांची सगळी स्कॅन जमा व्हायची तो त्यांनी बंद केला. वर टॉवेल पांघरला.

"भाऊसाहेब, हा बंद का केलात?"

"सकालपासून चालतोय बिचारा," ते म्हणाले. "आमी जेवायचा, आनि त्यानं काय राबतच राहायचा? त्याला इसावा नको?"

वंदना तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी रिमार्कमध्ये काय लिहावं ते मला सुचेना. तिनेच सुचवलं, "लिहा ना, वामकुक्षी."

मी लिहिलं. शेठनी तो फॉर्म महिनाभर टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

•

त्याच ऑफिसचं स्टोअर भोईरमामांकडे होतं. मामा रिटायरमेंटला आलेले, मनाने निर्मळ, पण घरी चुलतभावांशी भाताच्या शेतावरून वाद चाललेला. एका सोमवारी त्यांच्या फोल्डरमध्ये स्कॅन जाईना. बघतो तर त्यांनी फोल्डरचं शेअरिंग बंद करून टाकलेलं.

"मामा, हे शेअर कुणी काढलं?"

"मीच," मामा ठणकावून म्हणाले. "माज्या पोरीनं सांगितलान मला, शेअर म्हंजे हिस्सा. बापाच्या शेतात सात वाटेकरी हायेत माज्या. आता फोल्डरातपन? नाय चालनार!"

मी इंग्रजीतून समजावलं, मराठीतून समजावलं, मशीनचं पुस्तक उघडून दाखवलं. मामा माऊसवर हात ठेवून बसले, मला हात लावू देईनात. शेवटी वंदना आपल्या टेबलावरून म्हणाली, "मामा, हिस्सा नाही मागत ते. नुसती वहिवाट मागतायत. मालक तुम्हीच. कागदाला फक्त तुमच्या बांधावरून जाऊ द्यायचं."

मामा विचारात पडले. मग माऊस माझ्याकडे सरकवला.

"आसं बोल ना मंग, इंजिनेर! वाट कोन आडवतो? पन सात-बारावर तुजा नाव नाय लागनार हां!"

त्या दिवशी परत येताना वाटलं, ही बाई बाजूला असेल तर माझं आयुष्यातलं कुठलंच काम अडणार नाही. हे तिला सांगायला हवं होतं. ते मी मोटरसायकलला सांगितलं.

•

एकदा धानके भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला, कुणाला सांगितला नाही आणि रजा टाकून म्हसा गावच्या जत्रेला गेले. मशीनकडे जुना पासवर्ड, कॉम्प्युटरला नवा. सगळी स्कॅन दारातूनच परत! मोबाइल लागेना. दुसऱ्या दिवशी तपासणीला वरचे साहेब येणार होते. म्हणून मी निघालो म्हशाला. निघताना वंदना म्हणाली, "जत्रेतून काहीतरी आणा हं!"

थंडीचे दिवस, धूळ, हजारो बैल, आणि त्यात मी एक हेडक्लार्क शोधतोय! दोन तासांनी भाऊसाहेब सापडले. घोंगडी पांघरून आपल्या बैलाच्या मानेला हात टेकून उभे होते.

"भाऊसाहेब, पासवर्ड!"

त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "मण्या."

"मण्या?" मी मोठ्याने विचारलं. त्यांच्या बैलाने मान वळवली.

"हलू बोल," भाऊसाहेब म्हणाले. "त्याला कलता नाव. आज इकायला आनलाय त्याला. पोरा नोकरीला गेली, नांगर धरनारा कोन नाय ऱ्हायला. म्हटला, नाव तरी रोज बोटाखाली ऱ्हाईल."

तो पासवर्ड पुढे त्यांनी कधी बदलला नाही आणि मीही कधी बदला म्हटलं नाही.

आणि ते 'काहीतरी'? मी बांगड्या घेतल्या. मुरबाडला पोचेपर्यंत धीर सुटला. सगळ्या ऑफिसला मिठाई वाटली आणि बांगड्या घरी नेऊन आईला दिल्या. तिच्या हातात त्या जाईनात!

•

पुढच्या पावसाळ्यानंतरचा कॉल. मशीन म्हणतंय, जागा नाही. कॉम्प्युटर उघडला तर काय, संस्थेच्या रजिस्टरांपेक्षा घरचीच भरती जास्त! कुणाची कुंडली, कुणाची लग्नपत्रिका, भोईरमामांच्या शेताचे सगळे नकाशे. मी आणि वंदना एकेक फाइल उघडून, विचारून, काढून टाकत होतो.

एक फाइल उघडली. वंदनाचाच फोटो. खाली जन्मवेळ, उंची, मामाचं गाव, आणि शेवटची ओळ : 'अपेक्षा – मुलगा कायमस्वरूपी नोकरीत असावा.'

"बाबांनी करायला लावला," ती म्हणाली.

मी पडद्याकडे बघतच विचारलं, "ही काढायची का?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

तीन वर्षं मी ज्या संधीची वाट बघत होतो ती पायाशी येऊन बसली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. घसा खाकरून मी म्हणालो,

"मॅडम, बॅकअप घेऊन ठेवतो."

हसा! मीही हसतो आता. त्या दिवशी मात्र सरळगावच्या पुढे गाडी थांबवून मी बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून होतो. कंत्राटी माणसाने कायमस्वरूपी शब्द वाचला की त्याची जीभ अशी टाळ्याला चिकटते.

•

तिचं लग्न झालं. मुलगा मुरबाडचाच, कायमस्वरूपी. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही. शेठना सांगून खर्डीचा कॉल मागून घेतला.

वीस-पंचवीस दिवसांनी फोन आला, स्कॅन जात नाय.

गेलो. मशीन व्हरांड्यात होतं. त्यात प्रत्येक टेबलाच्या कॉम्प्युटरचं नाव भरलेलं असायचं आणि कॉम्प्युटरला नाव त्यावर बसणाऱ्या माणसाचं. मी बटण दाबलं. मशीनने बराच वेळ शोधलं आणि पडद्यावर दाखवलं : 'वंदना नॉट फाउंड'.

"आरे, गावनार कशी!" धानके भाऊसाहेब आतून ओरडले. "लगीन झाला तिचा! नाव बदलला! आता सायली!"

सगळं ऑफिस हसलं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात, ते लिहिलं गेलं होतं. कामावर परत आल्याच्या पहिल्याच दिवशी तिने कॉम्प्युटरचं नावही बदललं होतं.

"सासूबाई म्हणाल्या, आता सगळीकडे हेच लाव," ती दारात येऊन म्हणाली. "मला वाटलं, इथून सुरुवात करू. मशीन बंद पडेल हे ध्यानात नाही आलं."

"दोन उपाय आहेत," मी म्हणालो. "मशीनमध्ये नवं नाव टाकतो. नाहीतर कॉम्प्युटरला जुनं परत देतो. काहीही केलं तरी चालेल."

तिने आजूबाजूला पाहिलं. भाऊसाहेब कागदात मान घालून बसले होते.

"जुनंच द्या," ती हळूच म्हणाली. "घरी आता कुणी त्या नावाने बोलावत नाही. माहेरीसुद्धा सवय करतायत. एका मशीनने तरी हाक मारू दे."

मी दिलं. दोन मिनिटांचं काम, मला बराच वेळ लागला.

मग टेस्ट. टेस्ट म्हणजे असं : मी व्हरांड्यात मशीनपाशी उभा राहायचं, ती आत रेकॉर्डच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी. मी बटण दाबून ओरडायचं, "मॅडम, आली का?" आणि फाइल पोचली की तिने ओरडायचं, "आली!" नसेल तर, "नाही आली!" इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी सगळ्यात जास्त बोललो असू ते हेच.

मी कागद ठेवला. पडद्यावरचं तिचं नाव दाबलं. मशीनचा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी तोंड उघडलं, आणि मॅडम म्हणायचं राहूनच गेलं.

"वंदना..." मी हाक मारली. "आली का?"

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. मशीनचा पंखासुद्धा फिरायचा बंद झाला होता.

मग आतून आवाज आला,

"आले!"