घड्याळावर टाकलेलं नाव

मला माझ्या दाजींचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तीस वर्षं त्यांच्या पाया पडतोय, पण दर वेळी वाकताना मनात शिवी असते. राहतात नांदेडला. धंदा एक धड नाही. कधी प्लॉट, कधी जुन्या गाड्या, आणि गेली काही वर्षं परदेशी घड्याळं. मला 'भांडेवाले' म्हणून हाक मारतात. लातुरात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, तेव्हा शब्द काही खोटा नाही. पण ज्या सुरात ते म्हणतात, तो ऐकला की हातातलं पातेलं त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटतं.

धोंड्याच्या महिन्यातली गोष्ट. तीन वर्षांनी अधिक महिना आला, की जावयाला घरी बोलावून धोंडे जेवू घालायचे आणि काहीतरी चांगली वस्तू द्यायची, ही आमच्याकडची रीत. माझ्या लेकीचं लग्न झाल्यापासूनचा हा पहिलाच. लग्नात मी जावयाला घड्याळ दिलं होतं, ते चार महिन्यांत बंद पडलं. तेव्हापासून लेकीच्या सासरी चेष्टा सुरू झाली, 'भांडेवाल्यानं घड्याळ किलोवर आणलं.' लेक फोनवर हसतहसत सांगायची आणि मधेच गप्प व्हायची. माझ्या जिवाला ते लागलं. म्हटलं, या वेळी असं घड्याळ देईन, की व्याह्याची बोलती बंद झाली पाहिजे.

हे अक्काला बोललो, म्हणजे दाजींच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी फोन.

"मेहुणे, मी असताना बाहेर घेता? स्वित्झर्लंडचा ओरिजनल माल. दुबईहून आपला माणूस आणून राहिला. निम्म्या किमतीत देतो."

गेलो नांदेडला. डबा काय विचारता! बाहेरून लाकूड, आतून मखमल, वर कार्ड, कार्डावर नंबर. तेवढ्यानंच मी निम्मा गार. तरी धंद्यातला माणूस, विचारलं, "दाजी, बिल?"

"घरच्या माणसाला बिल?" ते असे हसले, की मीच ओशाळलो.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. कप ठेवून तिनं डावं मनगट माझ्यापुढं धरलं. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली तवा ह्यांनी दिलं. ह्यातलंच हाय. बघ की, अजून कसं चमकतंय." नवऱ्याचं कौतुक तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. मग पुढं काही विचारवलंच नाही. मुकाट्यानं पैसे दिले. गाढव मी, दुसरं काय!

आता आमची खोड सांगतो. वस्तू द्यायची, तर तिच्यावर नाव पाहिजे. ताट असो, तांब्या असो, कुकर असो, नाव टाकल्याशिवाय गिऱ्हाईक उठत नाही, आणि माझी नावं टाकायची मशीन दिवसभर गुरगुरत असते. एवढ्या महागाच्या घड्याळाच्या पाठीवर कुणी शहाणा भांड्यांची मशीन चालवेल? मी चालवली. 'जावईबापूंस सप्रेम' एवढं टाकून भुगा फुंकला, तर अक्षरांत पिवळं दिसलं.

मी थांबलो. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. स्टील कितीही खरवडा, आतून स्टीलच निघतं. पिवळं निघतं ते पितळ. तीस वर्षं हेच करतोय, ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

तसाच उठून आमच्या दुकानांच्या ओळीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ उघडली आणि पुन्हा मिटली.

"सेठ, डबा लई भारी हाय," ते म्हणाले. "घड्याळ नकली."

मग त्यांनी मला भिंगातून दाखवलं. तबकडीवरच्या अक्षरांच्या कडा फुटलेल्या. आत मशीन एवढीशी, आणि ती हलू नये म्हणून भोवती प्लॅस्टिकचं कडं. कार्डावरचा नंबर बघून तर ते हसलेच. हाच नंबर त्यांनी मागच्या महिन्यात दुसऱ्या एका घड्याळावर वाचला होता. "लोक डब्याला बघून फसतात, सेठ. कंपनीच्या साइटवर त्यांच्या दुकानांची यादी असते. तिथं फोन करायचा, मग जायचं. पक्कं बिल घ्यायचं, कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यायची, आणि घड्याळावरचा नंबर कार्डाशी तिथंच ताडून बघायचा. निम्म्या किमतीत कुणी म्हणाला, तर चप्पल घालायची आन् निघायचं."

मी हैदराबादला गेलो. यादीतल्या दुकानात, पदरमोड करून, एक साधंच पण अस्सल घड्याळ घेतलं. नंबर तीनदा ताडला. दुकानातली पोरगी कंटाळली, तरी ताडला. त्याच्यावर नाव मात्र टाकलं नाही. दाजींच्या घड्याळावर 'भेट' हा राहिलेला शब्द तेवढा घरी येऊन पूर्ण केला.

धोंड्याच्या दिवशी दोन पाट मांडले. एकावर माझा जावई, दुसऱ्यावर दाजी, कारण तेही या घरचेच जावई, आणि वडलांमागं त्यांचा मान मीच करतो. जावयानं घड्याळ हातात घातलं, कार्ड वाचलं आणि शेजारी बसलेल्या आपल्या वडलांपुढं सरकवलं. व्याह्यानं शिक्का बघितला आणि मान हलवली. दारात उभ्या लेकीचा चेहरा असा खुलला, की माझं सगळं वसूल झालं.

मग मी दुसरा डबा दाजींपुढं ठेवला.

"तुम्ही थोरले जावई. तुम्हाला ओरिजनलच पाहिजे."

त्यांनी घड्याळ उलटं केलं. स्टीलसारख्या पाठीवर पिवळीधमक अक्षरं. तोंडाचा रंगच उतरला गड्याचा! पण चार माणसं बघत होती. गुमान हातात घातलं. मी त्यांच्या ताटात आग्रहानं आणखी दोन धोंडे वाढले. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

अक्का तूप वाढत होती. दाजींच्या पानाशी वाकली तेव्हा तिनं ती अक्षरं बघितली. माझं तिच्याकडं लक्षच नव्हतं. मी दाजींचं तोंड बघण्यात दंग होतो.

दाजी त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेले. अक्का राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच दुकानात आली. मशीनपुढच्या स्टुलावर बसली, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"ह्याच्यावर माझं नाव टाक."

मी घड्याळ हातात घेतलं. तीस वर्षं धातू हाताळलाय. तळहातावर ठेवताच कळलं, हेही दाजींच्या त्या घड्याळासारखंच हलकं.

"लाइट गेलीय, अक्का," मी म्हणालो.

तिनं मान वर करून पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मग तिनं घड्याळ उचललं, पदरानं पुसलं आणि पुन्हा हातात घातलं.