काटेबाबूचं लेकरू

खरं सांगतो, हा किस्सा मी आपणहून कधीच काढत नाही. आमच्या घरात तो काढायला माणसं आहेत. पण आज चहा फक्कड झालाय आणि बायको माहेरी गेली आहे. तेव्हा तिच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. हसा हवं तेवढं, पण कप सांभाळा!

तेव्हा मी देवळीत होतो. स्वातंत्र्य नवं होतं, नोकरीही नवी होती. कापसाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसायचो. बैलबंड्या यायच्या, कापूस काट्यावर चढायचा, मी वजन लिहायचो. लोक मला काटेबाबू म्हणत. नावात काय तो रुबाब! बाकी दिवसभर नाकातोंडात कापूस.

नाकाचं एक वेळ चालतं हो, शिंकलं की मोकळं. डोळ्यांनी काय करावं? त्या हंगामात माझे डोळे कोरडे ठाक पडले. पापणी मिटली की वाळूवर मिटल्यासारखी वाटायची, उघडली की खरवडत उघडायची. आणि रंग? वाळत घातलेल्या मिरच्यांनी मान खाली घालावी असा!

आणि नेमकं त्याच वेळी माझं लग्न जमत होतं. तळेगावची कुसुम. मुलगी मला एका नजरेत पसंत पडली, म्हणजे त्या नजरेला जेवढं दिसलं तेवढ्यात. पण तिचे वडील गणपतराव म्हणजे कडक माणूस. गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी. त्यांनी माझ्या घराण्याची चौकशी केली नाही, पगार विचारला नाही. जवळ येऊन थेट डोळ्यांत पाहिलं.

"बाबू, डोये लाल काऊन?"

"कापसानं, जी."

"कापूस काय पेता?"

आता बोला! आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. जिथं दारू मिळत नाही तिथं लाल डोळ्यांवर लोकांचा भारी पहारा असतो. गणपतराव म्हणाले, "होळी झाली का मी देवळीले येतो. तवा डोये पांढरे दिसले तर साक्षगंध करू. नाई तं राम राम."

म्हणजे साखरपुडाच काय, माझं अख्खं लग्न दोन बुबुळांवर टांगलेलं!

मी उपाय सुरू केले. गुलाबपाणी घातलं, त्यानं डोळ्यांना लग्नघराचा वास आला, बाकी काही नाही. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो त्या सरूमावशींनी काशाच्या वाटीनं माझे तळपाय तूप लावून घासले. तळपाय इतके गुळगुळीत झाले की न्हाणीत आडवा पडलो. डोळे होते तसेच.

शेवटी वैद्यबुवांकडे गेलो. त्यांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला, आणि त्यांना रोग्याची नाडी आधी सापडायची, रोगी मागून. त्यांनी माझी पापणी उलटली, पाहिली आणि म्हणाले, "सोपं हाये. बाळंतिणीचं दूध. ताजं पाह्यजे. सकाय-संध्याकाय दोन-दोन थेंब डोयात."

मी म्हटलं, "बुवा, दुसरं काही...?"

"दुसरं कायले पाह्यजे? तुमच्या गल्लीत बाळंतीण नाई काय?"

होती ना. शेजारची शेवंतावहिनी. मांडीवर गुटगुटीत पोरगा, आणि स्वभावानं इतकी मोकळी की मागितलं तर चुलीवरची भाजी भांड्यासकट देईल. पण मी, बिनलग्नाचा गडी, तिच्या दारात उभा राहून काय मागू? कोणत्या तोंडानं मागू? तुम्हीच सांगा, तुम्ही मागितलं असतं? नसतं ना? मग झालं तर!

तरी गेलो. दारात उभा राहिलो. घशाला कोरड, डोळ्यांना आधीपासून होतीच.

"वहिनी, जरा दूध पाहिजे होतं."

"म्हशीचं संपलं, भाऊजी."

"म्हशीचं नको. ते आपलं... लहान लेकराला चालतं तसलं."

वहिनीनं चमकून पाहिलं. "कोणाचं लेकरू?"

इथं, बघा, इथं मी 'माझ्या डोळ्यांत घालायचं आहे' एवढं बोललो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण माझ्या तोंडातून भलतंच आलं. "माझ्या बहिणीचं. तिची तब्येत बरी नाही. माझ्याकडे आणून ठेवलंय."

"अगं माय!" वहिनी आत गेली आणि बोंडलं भरून घेऊन आली. बोंडलं म्हणजे तान्ह्याला दूध पाजायचं ते चोचीचं भांडं. "पोरगा का पोट्टी?"

"मुलगी," मी म्हणालो. का म्हणालो? विचारू नका.

खोलीत गेलो, दार लावलं, खाटेवर पडलो आणि दोन-दोन थेंब घातले. काय सांगू! वाळूत पाणी मुरावं तसा गारवा मुरला. कितीतरी आठवड्यांनी माझी पापणी आवाज न करता मिटली. मी तसाच पडून राहिलो, आणि मला कुसुमच्या घरची साक्षगंधाची पंगतसुद्धा दिसली.

संध्याकाळी पुन्हा बोंडलं घेऊन वहिनीच्या दारात!

आता गल्लीत एखाद्या घरी लेकरू आलं आणि बायांना राहवलं, असं कुठं होतं का? दुसऱ्या दिवशी सरूमावशी दारात. "बाबू, लेकरू दाखवा."

"झोपलंय, मावशी."

"रडत काऊन नाई?"

"गरीब आहे फार."

"मंग तुमी जिनात गेले का त्याले कोण पाह्यते?"

हे मात्र मी ठरवलंच नव्हतं. "सोबत नेतो," मी म्हणालो. "कापसावर मस्त झोपतं."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या यायचं, माझ्या नाही!

झालं. दुसऱ्या सकाळपासून मी माझं भाकरीचं गाठोडं धोतराच्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरायचो आणि गल्लीतून हळूहळू चालायचो. मागून सरूमावशी ओरडायच्या, "डोकं सांभाळा व त्याचं!" मी भाकरीच्या मानेखाली हात घ्यायचो. ऊन लागू नये म्हणून वरून पंचा टाकायचो. कोणी जवळ आलं की म्हणायचो, "दृष्ट लागते." देवाची कृपा, दुपारी मी ते लेकरू सोडून कांद्यासोबत खातो हे गल्लीतल्या कोणाला दिसलं नाही.

मग घरात वस्तू येऊ लागल्या. टोपरं आलं. दुपटं आलं. शेवंतावहिनीनं आपल्या लुगड्याचा काठ काढून झबलं शिवलं. बातमी जिनातही पोचली. तिथं मी 'लेकरू मावशींकडे असतं' म्हणायचो, तर लोक कोपरानं ढोसायला लागले, "काटेबाबू, बहिणीचंच ना?" मला एकच बहीण, तीही चौथीत शिकणारी, हे कोणाला माहीत नव्हतं म्हणून वाचलो.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण डोळे काय सुधारत होते म्हणता! लाली उतरली, खरखर गेली. म्हटलं, होळी होऊ दे, गणपतराव येऊन पाहून जाऊ देत, मग लेकराला त्याच्या आईकडे पाठवून देऊ. कसा बेत? मला तर स्वतःचाच अभिमान वाटत होता.

होळी झाली. धुळवडीला मी दार लावून बसलो, डोळ्यांत रंग जाऊ नये म्हणून. आणि दुसऱ्याच दिवशी काट्यावर एवढी गर्दी झाली की मला भाकर खायला सवड मिळाली नाही. भरलेलं गाठोडं तसंच छातीशी धरून मी संध्याकाळी गल्लीत शिरलो.

माझ्या खोलीचं दार उघडं!

आत गल्लीतल्या सगळ्या बाया नव्या लुगड्यांत बसलेल्या. आढ्याला पाळणा टांगलेला, त्याला झेंडूची फुलं. परातीत घुगऱ्या. आणि खाटेवर, काठी उभी धरून, तळेगावचे गणपतराव!

त्यांनी काय केलं होतं, बसमधून उतरल्यावर रस्त्यात विचारलं होतं की काटेबाबूंचं घर कुठं. कोणीतरी सांगितलं, "ज्यांच्या घरी आज बारसं हाये, तेच ना?" सरूमावशींनी पाहुणा आला म्हणून आपल्याकडच्या किल्लीनं खोली उघडून दिली होती आणि कौतुकानं वर सांगितलं होतं, "लई माया लावते बाबू पोट्टीले. एकटाच समदं करते."

गणपतरावांच्या मिशा थरथरत होत्या.

 सरूमावशी मात्र लगबगीनं उठल्या. "आला काय बाबू! माय बिमार म्हणून काय लेकरानं बिननावाचं राह्याचं? द्या इकडं!" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी गाठोडं माझ्या छातीवरून अलगद उचललं, मुका घेतला, पाळण्यात ठेवलं आणि पंचा बाजूला करून फडकं उलगडलं.

पाळण्यात दोन भाकरी, एक कांदा आणि मिरचीचा ठेचा.

बायांनी गाण्याची पहिली ओळ उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. गणपतराव उठले, पाळण्याजवळ आले, वाकून बराच वेळ आत पाहत राहिले.

"बाबू," ते म्हणाले, "लेकरू कुठी हाये?"

"लेकरू नाही, जी."

शेवंतावहिनी किंचाळली, "नाई म्हणजे? मंग माह्यं दूध कुठी गेलं?"

सगळ्या नजरा माझ्यावर! सरूमावशींनी तोंडाला पदर लावला. "बाप्पा! बाबू, तुमीच पेले काय?"

"नाही हो!" मी अक्षरशः ओरडलो. "डोळ्यांत घातलं! वैद्यबुवांनी सांगितलं होतं! डोळे कोरडे पडले होते, गणपतरावांना दारूचा संशय होता, लग्न मोडत होतं... मला मागायची लाज वाटली!"

 मग शेवंतावहिनीनं कपाळावर हात मारला. "अवो भाऊजी! डोयासाठी पाह्यजे होतं तं डोयासाठीच मांगाचं ना! माह्या सासऱ्याच्या डोयात रोजच घालून राह्यली मी. अर्धी गल्ली घेऊन जाते. त्याच्यात लाज कायची?"

अर्धी गल्ली! आणि मी इकडे भाकरीची मान सांभाळत हिंडत होतो!

गणपतरावांचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्यांनी काठी आपटली. "घालून दाखवा."

झोपलो खाटेवर. होणाऱ्या सासऱ्यासमोर, सगळ्या बायांमध्ये, आ वासून, डोळे ताणून. शेवंतावहिनीनं बोंडलं भरून आणलं आणि सरूमावशींनी थेंब सोडले. इतक्यात कोण्या एका बाईला आठवलं की आपण गाणं म्हणायला आलो आहोत, घुगऱ्याही शिजल्या आहेत, सगळं फुकट कसं घालवायचं? आणि त्यांनी माझ्यावर पाळणा म्हटला. पूर्ण म्हटला. गणपतरावांनी माझी पापणी वर करून आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा.

"डोये तं पांढरे हायेत," ते म्हणाले.

मला वाटलं, आता राम राम. डोळे पांढरे झाले, पण तोंड काळं झालं होतं. दूध पापणीवरून कानात ओघळत होतं. कुसुम गेली, असंच मी धरून चाललो.

गणपतराव खाटेवर टेकले आणि त्यांनी पहिल्यांदा घुगऱ्यांचा घास घेतला. "बाबू, दारू पेणारा माणूस खोटं बोलण्यात पटाईत असते. तुमाले तं एक लेकरू लपवता आलं नाई, आन ते बी नसलेलं! माही पोरगी सुखात राहीन. उद्या तिच्यापासून तुमी काई लपवलं, तं संध्याकाळपर्यंत गल्ली त्याचं बारसं करीन."

वैशाखात लग्न झालं. गल्लीनं आहेरात दुसरं काही दिलं नाही. झबलं, टोपरं आणि बोंडलं दिलं, आणि भर मांडवात ते टोपरं मला घालून पाहिलं.

तुम्हाला वाटेल, संपला किस्सा. पुढे आमची पहिली मुलगी झाली, ऐन कापसाच्या हंगामात. काट्यावर बसून माझे डोळे पुन्हा वाळले. कुसुमनं एक शब्द विचारला नाही. आहेरातलं तेच बोंडलं घेतलं आणि मला म्हणाली, "झोपा. डोये उघडा." मी निमूटपणे खाटेवर आडवा झालो. तेवढ्यात शेवंतावहिनीनं दारातून डोकावून विचारलं, "काऊन व कुसुम, लेकरू झोपलं काय?"

कुसुम मागं वळूनही न पाहता म्हणाली, "कोणतं?"