दुबईहून मुंबईला तीन तास

दुबई ते मुंबई हे अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमान तीन तासांत उतरतं. हे मला पंधराएक वर्षांपासून ठाऊक आहे. भोरच्या पलीकडच्या आमच्या गावाला मात्र मी दीड दिवस लागतो असं सांगत आलो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एजंटानं स्वस्तातलं, वाटेत दोनदा विमान बदलायचं तिकीट दिलं होतं. त्या वेळी खरंच दीड दिवस गेला. पुढं सरळ विमानानं ये-जा सुरू झाली तरी मी तोच आकडा सांगत राहिलो. मग सारखं 'ये' म्हणणारं कुणी उरत नाही. माझी सोय होती ती, दुसरं काही नाही.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आप्पा गेलं. माती कवा करायची? भोरवरनं बर्फाची लादी आणतो. उद्या सकाळपर्यंत थांबतो आमी."

आमच्यात बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा. निघालो असतो तर त्याच दिवशी घरी पोचलो असतो. पण आप्पांशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं होतं. 'कायमचा कवा येतोस?' एवढंच त्यांनी विचारलं होतं, आणि मी 'माझी वाट बघू नका' म्हणून फोन ठेवला होता. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर होईना. भावाला म्हणालो, "दीड दिवस लागतो रं. थांबू नका."

मडकं त्यानं धरलं. माझ्या नावानं कुजबुजणाऱ्या भावकीलाही त्यानंच गप्प केलं, "दादा लई लांब हाय."

यंदा सुट्टीवर आलो, तर तो टेम्पो घेऊन हायवेवरच्या कापूरहोळ फाट्याला न्यायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "पोरगी मोबाईलवर बघत हुती. तीनच तास दावतंय. इमानं लई जोरात झाली का रं आता? हायवे झाल्यासारखं आभाळातबी झालं असंल कायतरी."

'व्हय' म्हटलं असतं तर जन्मभर निभावलं असतं.

"इमानं तशीच हायत," मी म्हणालो. "तवाबी तीनच तास लागायचं."

"मंग?"

"भ्यालो. आप्पांचं तोंड बघायला भ्यालो."

तो उठला, टेम्पोत जाऊन बसला. मला सोडून जातो की काय असं वाटलं. मग हॉर्न वाजला. "बस की. का हितनं टेम्पोपर्यंतबी दीड दिवस लागतोय?"

भोर मागं पडल्यावर तो रस्त्याकडं बघतच बोलला, "तू थांबू नका म्हनलास, तवा मला बरं वाटलं हुतं. सात वरसं त्यांचं हगणं-मुतणं म्या काढलं. तू येऊन मडकं धरलं असतंस, ते सोसलं नसतं मला. बापाच्या मातीदिशी बरं वाटतंय, ह्याची लाज वाटायची. कुनाला बोललो न्हाई."

मी त्याच्याकडं बघितलं. चार वर्षं मी ज्याचा गुन्हेगार होतो, तोही आपलं एक ओझं घेऊन बसला होता.

"राग हाय मला तुझा," तो म्हणाला. "धा दिस धड बोलनार न्हाई तुझ्याशी. पन औंदा पितराला यायचं. अग्नी म्या दिला, घास तू टाक."

"येतो," मी म्हणालो.

गावाचं वळण आलं. तिथं दर खेपेला मी मान खाली घालून बसायचो. त्या दिवशी समोर बघत बसलो.