सत्तावीस नंबरची चूक

आमच्या चष्मेवाल्या काकांबरोबर सिनेमाला जायला कुणी तयार होत नसे, आणि त्यात लोकांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

पडद्यावर नायकाची आंधळी व्हायला आलेली आई शेवटचे श्वास मोजतेय, अख्खं थिएटर नाक ओढतंय, आणि काका शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणणार, "काच साधी आहे."

शेजारी रुमालातून विचारणार, "काय?"

"चष्म्याची काच. बिननंबरी. म्हणे बाईला दिसत नाही! अहो, जाड नंबर असता तर काचेमागे गालाची कड आत सरकली असती. हिची बघा, सरळ खाली आलीय."

एवढं ऐकल्यावर त्या माणसाचं रडू कुठल्या कुठे पळायचं. आई मरायची आणि हा बिचारा तिचा गाल तपासत बसायचा.

शेजारच्या सलूनवाल्याने त्यांचं नाव 'चुकामास्तर' ठेवलं होतं. तोंडावर म्हणायचा, पाठीमागेही म्हणायचा.

"मास्तर, मी रविवारी चाललोय सिनेमाला. हात जोडतो, काही सांगू नका."

"शेवट कुठे सांगतोय? जखमेचं तेवढं सांगतो."

"कुठली जखम?"

"मध्यंतरापर्यंत उजव्या भुवईवर आहे. नंतर डाव्या."

"झालं! आता मी तीन तास भुवया बघणार. दुकानात तेच, थिएटरातही तेच."

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आलो तेव्हा मला आधी दुकानाचंच नवल वाटलं होतं. इतकं अरुंद, की नजर तपासायचा तक्ता पुरेशा अंतरावर टांगायला भिंतच नव्हती. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून ओळी वाचायचं. काका काचा बदलत विचारायचे, "आता बरं दिसतं, की मघाशी?" चाळीस वर्षं हा एकच प्रश्न विचारलेला माणूस सिनेमा नुसता कसा बघेल, तुम्हीच सांगा.

काकू होत्या तोवर घरचा करार होता. चूक दिसली की बोलायचं नाही, काकूंचं मनगट हळूच दाबायचं. घरी येऊन चपला काढता काढता काकू म्हणायच्या, "आज नऊ वेळा दाबलंत. सातवी कुठली? मला कळलीच नाही." मग चहा होईपर्यंत सातवी चूक चालायची. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. मी एकदा काकांबरोबर सिनेमाला गेलो तेव्हा ते अधूनमधून खुर्चीचा हात दाबत होते. त्यांना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

काकूंचे फोटो तीन. दुकानात एक, घरात दोन. तिन्हींत त्या पासपोर्ट काढायला बसवल्यासारख्या ताठ.

"फोटोत ती चालत नाही ना," काका एकदा म्हणाले. "आणि तिच्यासारखं कुणी चालत नाही. डाव्या पायावर तिचा जरा जास्त भरवसा."

चालणाऱ्या काकू जगात एकाच ठिकाणी होत्या, आणि ते ठिकाण म्हणजे एक सिनेमा. तीसेक वर्षांपूर्वी त्याचं एका दिवसाचं शूटिंग आमच्या गल्लीत झालं होतं. पुढे तो असा चालला की त्यातले संवाद लोक भांडणातसुद्धा वापरू लागले. नायक-नायिका फुटपाथवर कायमचे वेगळे होतात तो प्रसंग. कॅमेरा काकांच्या दुकानाकडे पाठ करून उभा होता. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून काकू नेहमीसारख्या काकांचा डबा घेऊन चालल्या. कुणी अडवलं नाही. थोड्या वेळाने तोच प्रसंग जवळून घ्यायचा झाला तेव्हा युनिटमधल्या एकाने त्यांना परत मागे पाठवलं, "बाई, तश्शाच पुन्हा एकदा चला."

त्यामुळे सिनेमात काकू एकाच मिनिटात दोनदा जातात. तीच बाई, तीच पिशवी, डावीकडून उजवीकडेच. आणि दुसऱ्या वेळी तर कमालच. मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघतात आणि हसतात. पुढे नायिका धाय मोकलून रडतेय, मागे काकू हसतायत! ते हसू कॅमेऱ्यासाठी नव्हतंच. कॅमेऱ्याच्या पाठीमागे, दुकानाच्या दारात, जेवायची वाट बघत काका उभे होते.

त्या सिनेमात काकांनी अडतीस चुका काढल्या होत्या. पडद्यावर येतील त्या क्रमाने. ही सत्तावीस नंबरची.

यंदा त्या सिनेमाच्या कंपनीने पेपरात जाहिरात दिली. जुना सिनेमा नव्याने स्वच्छ करून थिएटरात आणत आहोत, प्रेक्षकांनी आपल्या आठवणी लिहून पाठवाव्यात. लोकांनी पाठवल्या असतील आपापल्या आठवणी, हा सिनेमा आम्ही साखरपुड्यानंतर पाहिला वगैरे. काकांनी अडतीस चुकांची यादी पाठवली. सुवाच्य अक्षरात, प्रत्येक चुकीपुढे मिनिट आणि सेकंद.

महिन्याभराने उत्तर आलं. काकांनी आजवर कितीतरी कंपन्यांना पत्रं टाकली होती, कुणी पोचसुद्धा दिली नव्हती. त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून मला आणि सलूनवाल्याला ते वाचून दाखवलं.

"'आपल्या बारीक नजरेला आमचा नमस्कार. आपण कळवलेल्या चुका शक्य तितक्या दुरुस्त केल्या आहेत.' ऐकलंस?"

"म्हणजे आता मास्तर बेकार!" सलूनवाला म्हणाला.

काका हसले. मग हसता हसता थांबले. चष्मा काढून पुसला, लावला, पत्र पुन्हा वाचलं.

"सगळ्या नाही म्हटलेलं," ते म्हणाले. "शक्य तितक्या."

मला उलगडायला वेळ लागला. "काका, तुम्ही सत्तावीस नंबरही लिहिलात?"

"मग काय करू? वगळली असती तर यादी खोटी झाली असती." ते पत्राची घडी घालत राहिले, एक, दोन, तीन, पत्र काडेपेटीएवढं होईपर्यंत. "आणि मला काय माहीत, कुणी वाचेल म्हणून."

काकांची कॅसेट बुरशी येऊन केव्हाच गेली होती. मोबाइलवर तो सिनेमा मिळायचा, तो कंपनीने नवा यायच्या आधी काढून घेतला होता. काकांनी कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, पाच दाबा असं बराच वेळ चाललं, माणूस काही भेटला नाही.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. थिएटरात मोजून अकरा डोकी. रंग असे लखलखीत की कालच शूटिंग झालंय असं वाटावं. पहिल्या प्रसंगात भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे जायचे, ते आता पुढे जात होते.

"एक नंबर केली," काका पुटपुटले.

दुसरी केली होती. चौथीही. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच काका चूक नाही म्हणून अस्वस्थ होत होते. "चोख काम आहे हो," ते म्हणाले, पण आवाज असा, की डॉक्टरने वाईट रिपोर्ट हातात दिलाय. मग एका प्रसंगात नायकाचा शर्ट घरात निळा होता आणि दाराबाहेर पडला तर हिरवा.

"एकोणीस राहिली!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. "बघ, राहिली! सगळ्या नाही केल्या!"

गल्लीचा प्रसंग आला. काकांचं दुकान पडद्यावर कुठेच नव्हतं, फक्त समोरचा फुटपाथ आणि भिंत. काकू गेल्या. लांबून, डावीकडून उजवीकडे, डाव्या पायावर जरा जास्त भरवसा टाकत. काका खुर्चीत पुढे सरकले. नायिका जवळ आली, रडू लागली. तिच्या मागचा फुटपाथ स्वच्छ, रिकामा, उन्हाचा. कुणीही गेलं नाही. प्रसंग संपला, गाणं सुरू झालं.

काका पुढे सरकले होते तसेच शेवटपर्यंत बसले. सव्वीस झाल्या, पुढच्या अकरा आल्या की गेल्या, मला कळलं नाही.

बाहेर उजेडात आल्यावर ते म्हणाले, "सावली बघितलीस?"

"कुठली?"

"बाई पुसली, सावली विसरले. भिंतीवरून गेली. मान वळवल्याचीसुद्धा कळते. दिसली ना?"

"दिसली," मी म्हणालो.

"कुठून कुठे गेली?"

"डावीकडून उजवीकडे."

"खोटं बोलतोस," काका म्हणाले. रागाने नाही, गिऱ्हाइकाने खालची ओळ अंदाजाने वाचली की म्हणायचे तसं. "तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास."

ते तिकीट खिडकीकडे वळले. पुढचा खेळ अर्ध्या तासात होता.

"एक द्या," ते म्हणाले.

"काका, मी थांबतो की. आता नीट बघतो."

"नको रे. तू असलास की बोलावंसं वाटतं. आणि तेवढ्यात ती जाते."

खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, मागची देऊ का? सगळं रिकामंच आहे. मागून छान दिसतं."

"पुढची द्या," काका म्हणाले. "अगदी पुढची."