आकडा तेवढा स्वच्छ

शवागारात त्यांना सगळे ‘हसरे’ म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. उभं आयुष्य लग्नाचे फोटो काढण्यात गेलेलं. पुढे ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आला, कामं आटली आणि हसऱ्यांनी इस्पितळात बेवारस मृतदेहांचे फोटो काढायची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “हसा जरा!” शवागार सांभाळणारा मामा हसून हसून खाली बसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम सरळ होतं. मृतदेहाच्या छातीवर आकड्याची चिठ्ठी ठेवायची आणि फोटो घ्यायचा. डोक्यामागे भिंत असल्यानं तो पायाकडून, तिरकाच घ्यावा लागे. हरवलेल्या माणसाला शोधत कोणी आलं, की आधी बाहेरच्या खोलीत कॅमेरा पडद्याला जोडून फोटो दाखवायचा. ओळख पटली तरच आत न्यायचं.

पण चेहरे मऊ यायचे. साय धरल्यासारखे. हसऱ्यांनी भिंग पुसलं, पुढची संरक्षक काच काढून पाहिली. थंड खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर दव धरतं, म्हणून कॅमेरा पिशवीत गुंडाळून ठेवला. हात हलत असेल म्हणून तिकाटणं आणलं. फरक शून्य.

“काय फरक पडतो?” मामा म्हणायचा. “यातलं कोण फोटो बघून तक्रार करणार आहे?”

परवा एक बाई आली होती. भाऊ हरवला म्हणून दर आठवड्याला यायची. “डाव्या भुवईत चीर आहे त्याच्या,” ती दर वेळी सांगायची. “झोपाळ्यावरून पडला होता. मीच ढकललं होतं.” परवा ती पडद्याला नाक लावून एका फोटोकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “नाही. हा नव्हे. भुवई सलग आहे.” आणि जाताना चक्क हसली.

आज सकाळी हसऱ्यांनी बायकोला खिडकीशी वर्तमानपत्र धरून उभं केलं आणि फोटो काढला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

“कॅमेरा तर धडधाकट आहे,” बायको म्हणाली. “तिथले फोटो दाखवा बघू.”

“तुला नाही बघवणार.”

“दाखवा हो.” तिनं तळहातानं पडद्याचा वरचा भाग, चेहऱ्याचा, झाकून घेतला आणि खालचं तेवढं पाहिलं. “अहो, हा आकडा तर कोरल्यासारखा आलाय! बिघडलंय कुठं?”

आता हसऱ्यांना उलगडलं. लग्नांच्या कामासाठी घेतलेला कॅमेरा तो. समोरच्या माणसाचे डोळे आपणहून शोधायचा आणि त्यांच्यावर नेम धरायचा. इतकी वर्षं हसऱ्यांना स्वतः नेम धरावाच लागला नव्हता. शवागारातले मिटलेले डोळे त्याला सापडत नव्हते. मग जवळचं, ठळक, पांढऱ्यावर काळं असं जे दिसेल ते तो धरायचा. चिठ्ठी! खोलीत उजेड कमी, भिंग पूर्ण उघडं, त्यामुळे चिठ्ठी स्वच्छ आणि तिच्यामागचा चेहरा धूसर. जुने सगळे फोटो त्यांनी रागानं तिथल्या तिथे पुसून टाकले आणि चपला घालून धावत सुटले.

“बरं झालं आलात,” मामा म्हणाला. “परवा त्या बाईनं बघितला ना, त्याला न्यायला दुपारी गाडी येतेय.”

हसऱ्यांनी आपोआप नेम धरण्याची सोय बंद केली. नेमाचा ठिपका स्वतःच्या बोटानं सरकवत डाव्या पापणीवर आणला आणि फोटो घेतला. पापणीचा केस न् केस सुटा आला. वर भुवई. भुवईत चीर.

मामानं मान लांब करून पाहिलं. त्याला थट्टा सुचली नाही. म्हणाला, “ती नाही म्हणालीय ना? सुटली बिचारी. राहू द्या की, हसरे.”

हसऱ्यांनी फोन उचलला.

ती आली. या वेळी तिला पडद्याला नाक लावावं लागलं नाही.

“परवा हाच दाखवला होतात?”

“हो, ताई. फोटो नीट आला नव्हता. चूक माझी.”

“मी आईला जाऊन सांगितलं, तो तिथं नाही म्हणून.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “तेव्हापासून ती नीट जेवायला लागलीय.”

तिनं आत जाऊन भावाला पाहिलं. बाहेर आली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, “आई अंथरुणाला खिळलीय, तिला इथं आणता यायचं नाही. पण फोटो मागेल ती. हा नका देऊ. ओठ बघा काय झालेत त्याचे. परवाचा द्या, धूसर होता तो.”

“तो... मी पुसून टाकला, ताई.”

ती बाकावर बसली.

हसरे पुन्हा आत गेले. मामानं न सांगताच छातीवरची चिठ्ठी उचलली. हसऱ्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि डाव्या हातानं भिंगाचं कडं हळूहळू फिरवलं. आधी पापण्या गेल्या. मग ओठांवरचे डाग विरले. भुवईतली चीर मिटेपर्यंत ते कडं फिरवत राहिले.