फ्रिजवरच्या डब्यातली अर्धी गोळी

तुमच्या फ्रिजवर उरलेल्या गोळ्यांचा डबा आहे ना? खोटं बोलू नका. आमच्या मोशीच्या घरी श्रीखंडाचा रिकामा डबा होता, आणि त्यातल्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप्सनीच आमची कुत्री मेली.

गोळ्या चाकणहून यायच्या. वडील तिथल्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर. ताप आला, घसा धरला की कंपनीच्या दवाखान्यात न तपासताच अँटिबायोटिकची स्ट्रिप हातात पडायची. माणूस घरी बसला तर लाइन अडते ना! वडील दोन दिवस खायचे, ताप उतरला की उरलेल्या गोळ्या डब्यात. औषध टाकून देणं म्हणजे आमच्याकडे माज.

मी तेव्हा कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहून कारखान्याच्या गेटवर वाटायचो. एकात ठासून लिहिलं होतं, 'आम्हाला गोळ्या नकोत, रजा हवी.' आणि घरी येऊन त्याच गोळ्या भाकरीच्या तुकड्यात दाबून कुत्रीला भरवायचो. जुलाब झाले, अर्धी गोळी. पायाला जखम, अर्धी गोळी. बरी दिसली की बंद. दोन वर्षं हेच.

"माणसाला चालतंय, मग तिला काय हुतंय?" वडील म्हणायचे. मला पटायचं, कारण ते सोपं होतं.

कुत्रीला पुन्हा जुलाब लागले तेव्हा डब्यात काही उरलं नव्हतं, म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी न मागता अँटिबायोटिक काढलं आणि वर प्रोबायोटिकची पाकिटं ठेवली. त्यांवर हसणारा कुत्रा छापलेला.

"भावा, हे पण घे. ह्यात चांगले जंतू असतात. गोळीनं पोट बिघडतं ना, ते हे नीट करतं."

"मग बिघडवणारी गोळी देतोस कशाला?"

"लय प्रश्न विचारतो राव. गेटवर पत्रकं वाटणारा तूच ना?"

मी दोन्ही घेऊन आलो. एवढीच माझी लढाई.

गोळी भाकरीत दाबून आणि पाकिटातली पावडर दह्यात कालवून दिली. जुलाब थांबले, उरलेल्या गोळ्या डब्यात. महिन्याभराने लघवीतून रक्त पडायला लागलं. निगडीच्या एका पशुवैद्यक बाईंनी लघवी तपासायला पाठवली. अहवालात अँटिबायोटिक औषधांची लांब यादी आली. बहुतेकांपुढे एकच शेरा होता: लागू पडणार नाही.

"पोटातलेच जंतू लघवीच्या वाटेत शिरलेत," बाई म्हणाल्या. "आधी काय काय दिलंय?"

मी डब्याचं सांगितलं. मग जरा ऐटीतच प्रोबायोटिकचं रिकामं पाकीट पुढे केलं.

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "कोणते जंतू घातलेत, तेही धड लिहिलेलं नाही. चांगलं असतं तर जुलाबाला थोडी मदत झाली असती. पण अर्ध्या अर्ध्या गोळीने तू कमजोर जंतू मारलेस आणि चिवट तेवढे पोसलेस. ते या पावडरीने परत भोळे होत नाहीत."

चालेल असं एकच इंजेक्शन उरलं होतं. रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन रिक्षाने न्यायचो. चौथ्या दिवशी किडन्या गेल्या. पाचव्या दिवशी दुपारी वडिलांच्या चपलेवर तोंड ठेवून ती मेली. वडील त्या दिवशी सेकंड शिफ्टला गेले नाहीत. स्वतः तापाने फणफणत असतानाही गेलेला माणूस.

आठवडा झाला नाही तोच शेजारची काकू दारात. "आमच्या पिल्लाला हगवण लागलीया. डब्यात हाय का एखादी अर्धी गोळी?"

आईचा हात सवयीने फ्रिजवर गेला. वडिलांनी तो धरला.

"न्हाई. डाक्टरकडं न्या त्याला."

"व्हय का! एका गोळीला न्हाई म्हणताय? लय मोठी झाली की माणसं!"

काकू अजून आमच्याशी बोलत नाही. न बोलू दे. पिल्लू मात्र डॉक्टरकडे गेलं, आणि सकाळी आमच्याच दारात येऊन भुंकतं.

आता तुम्ही. आज तो डबा खाली काढा. त्यातलं अँटिबायोटिक कुणालाही देऊ नका, माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही. मागायला आलेल्याला थेट डॉक्टरकडे पाठवा. राग आला तर येऊ द्या.